आधी स्वतःचे ‘नको’ मोजा

मी हिशेब तपासायचं काम करतो. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढून पोट भरतो म्हणा ना. त्यामुळे घरात मुलं ऐकेनाशी झाली तेव्हा माझा हात आधी कागद-पेन्सिलीकडेच गेला. थोरली तेव्हा चार वर्षांची होती, धाकटा अडीचचा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक जुनं पान उलटं करून मी त्यावर दोन रकाने पाडले. मी ‘नको’, ‘नाही’, ‘थांब’, ‘अरे काय हे’ असं काही म्हटलं की पहिल्या रकान्यात रेघ. मुलांनी केलेल्या चांगल्या गोष्टीबद्दल तोंडातून काही निघालं की दुसऱ्यात. संध्याकाळी सहा ते साडेआठ एवढ्या वेळात पहिल्या रकान्यात ४७ रेघा झाल्या आणि दुसऱ्यात ३. त्या तिनांतली एक मी मोजतोय हे आठवून मुद्दाम म्हटलेली, म्हणजे खऱ्या दोनच.

त्या संध्याकाळी मुलं काही हैदोस घालत नव्हती. अर्धा तास दोघं शेजारीशेजारी बसून ठोकळ्यांचा पूल बांधत होती. त्या अर्ध्या तासात मी काय केलं? फोन बघत बसलो. पूल पडला, धाकट्याने ठोकळा भिरकावला आणि मी क्षणात हजर.

१८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या हालचालीने दार उघडायचं आणि बाहेरचं खाणं मिळायचं, ती हालचाल मांजर पुढच्या खेपेला लवकर करायचं. बाकीच्या निष्फळ उड्या हळूहळू गळून पडायच्या. पुढे बी. एफ. स्किनर यांनी याच धाग्यावर अख्खं शास्त्र उभं केलं. मूल म्हणजे मांजर नाही, मान्य. पण दोन-चार वर्षांच्या पोराला आईबापाचं आपल्याकडे वळलेलं तोंड खाऊपेक्षा मोठं वाटतं, आणि ते तोंड हसरं आहे की तापलेलं याची ते फारशी घासाघीस करत नाही. आमच्या घरात पूल बांधल्याबद्दल काहीच मिळत नव्हतं. ठोकळा फेकला की बाबा अख्खा मिळत होता.

तर पहिलं काम हेच. दोन संध्याकाळी मोजा. मोजताना सुधारायला जाऊ नका, नेहमीसारखेच वागा. मुलांना सांगू नका. स्वतः मोजताना हात आखडतो असं वाटलं तर घरातल्या दुसऱ्या कुणाला मोजायला लावा; माझ्या बायकोने मोजलं तेव्हा पहिल्या रकान्याचा आकडा ५८ वर गेला, आणि मला वाटतं तिचाच बरोबर असावा. रेघांच्या शेजारी एकेक शब्द लिहून ठेवलात तर आणखी चांगलं: ‘चप्पल’, ‘नळ’, ‘ढकललं’, ‘किंचाळला’. मला त्या शब्दांवरून कळलं की ४७ पैकी जवळपास निम्मे ‘नको’ तीनच गोष्टींवर होते. मग लढायचं कशाशी हे ठरवायला वेळ लागला नाही.

शांत मुलाजवळ जाणं

मूल शांत खेळतंय म्हणजे आपली कामं उरकायची वेळ, हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. ते उलटं करायचं. एवढं एकच जमलं तरी या लेखातलं बाकीचं निम्मं काम आपोआप होतं, असं माझं मत आहे.

मी केलं ते असं. खोलीतून ये-जा करताना मुलं बरी वागत असली की थांबायचं, डोक्यावर हात ठेवायचा, एक वाक्य बोलायचं आणि पुढे जायचं. पाच सेकंदांचं काम. दरवेळी बोललंच पाहिजे असंही नाही. सुरुवातीला मी मोबाइलमध्ये दर वीस मिनिटांनी नुसता थरथरणारा गजर लावला होता. गजर झाला की मान वर करून बघायचं: आत्ता काय चांगलं चाललंय? काहीच चाललेलं नसेल तर गप्प बसायचं. खोटी शाबासकी मुलांना लगेच कळते.

वाक्य कसलं? केलेल्या गोष्टीचं नाव घेणारं. मी पूर्वी ‘शाब्बास!’, ‘शहाणी माझी!’ असं म्हणायचो. एकदा थोरलीने मान वर करून विचारलं, “बाबा, मी काय केलं?” तिला खरंच माहीत नव्हतं. चित्र काढल्याबद्दल, का टोपण लावल्याबद्दल, का भावाने पेन ओढलं तरी आरडाओरडा केला नाही म्हणून? मला म्हणायचं होतं ते शेवटचं. तेव्हापासून मी सरळ बघितलं ते सांगतो. “त्याने पेन ओढलं तरी तू ओरडली नाहीस, मागून घेतलंस.” “हाक मारल्याबरोबर आलास.” “पाणी सांडलं आणि तूच फडकं आणलंस.” यात ‘छान’ हा शब्दसुद्धा नाही. चेहऱ्यावर असला की पुरतो.

दोन पथ्यं आहेत. एक, लगेच बोला. रात्री झोपताना ‘आज दुपारी तू छान वागलास’ हे अडीच वर्षांच्या पोरासाठी गेल्या जन्मीचं असतं. दुसरं, शाबासकीला शेपूट लावू नका. “खेळणी आवरलीस, वा! रोज असंच केलंस तर किती बरं होईल.” हे शेपूट मी वर्षानुवर्षं लावत आलो होतो, ऑफिसातल्या कनिष्ठांनाही. ते लावलं की आधीचं कौतुक पुसलं जातं आणि टोमणा तेवढा राहतो.

‘हुशार’ या शब्दाबद्दल थोडं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांना कोडी सोडवायला दिली आणि नंतर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, त्यांची कामगिरीही घसरली. ती मुलं पाचवीच्या वयाची होती, तेव्हा हा निकाल जसाच्या तसा चार वर्षांच्या मुलीला चिकटवणं मला पटत नाही. पण हिशेबाच्या दृष्टीनेही ‘हुशार’ बिनकामाचा शब्द आहे. पुन्हा काय करायचं, ते त्यातून कळत नाही.

सांगायचं कसं

आमच्या ‘नको’च्या रेघांत ‘पळू नकोस’ सगळ्यांत वर होता. आता हे वाक्य मुलाच्या बाजूने ऐकून बघा. काय करायचं नाही ते कळलं; करायचं काय? त्याऐवजी “चालत ये” म्हटलं की पायांना काम मिळतं. ‘ओरडू नकोस’च्या जागी ‘माझ्या कानात सांग’. ‘भिंतीवर काढू नकोस’च्या जागी कागद पुढे करून ‘इथे काढ’. तुमच्या रेघांतले पहिले तीन शब्द घ्या आणि प्रत्येकासाठी असं एक करायचं वाक्य आधीच बसवून ठेवा. ऐनवेळी सुचत नाही. आम्ही ती तीन वाक्यं फ्रिजवर चिकटवली होती, मुलांसाठी नव्हे, आमच्यासाठी.

दुसरी खोड म्हणजे सूचना प्रश्नासारखी विचारणं. “आवरायचं का आपण आता?” म्हटलं की थोरली शांतपणे “नाही” म्हणायची आणि मी चिडायचो. तिचं काय चुकलं? विचारलं, तिने उत्तर दिलं. ज्याला नकार चालणार नाही ते विचारू नका, सांगा. खरोखर पर्याय देता येत असेल तर दोनच द्या, दोन्ही तुम्हाला चालणारे: “आधी दात घासायचे की आधी कपडे बदलायचे?”

स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं मूल ऐकत नाही, यात बंडखोरी काही नसते. खेळात बुडालेल्या मुलापर्यंत तो आवाज पोचत नाही. जवळ जा, खाली बसा, नाव घ्या, डोळे वळले की एकच गोष्ट सांगा. आणि मग गप्प. हे ‘गप्प’ फार अवघड आहे. मी मनात दहा आकडे मोजतो. पहिल्यांदा मोजले तेव्हा धाकटा सातव्या आकड्याला उठला, आणि माझ्या लक्षात आलं की एरवी मी तिसऱ्या आकड्यालाच दुसऱ्यांदा ओरडत होतो. त्याला उठायला सवड मिळतच नव्हती. दहा झाल्यावरही हालचाल नसेल तर दुसऱ्यांदा सांगायचं नाही. हात धरून सोबत सुरुवात करायची. पाचदा सांगितलं की मूल एवढंच शिकतं की पहिल्या चार वेळांना अर्थ नसतो.

‘आधी हे, मग ते’ हेही इथेच बसतं. डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ साली मांडलेलं तत्त्व असं की जे करायला आवडतं ते, न आवडणाऱ्या कामाच्या मागे जोडलं तर ते काम होतं. घराघरांत हे पूर्वीपासून चालत आलंय, पण वाक्य कसं बांधता यावर सगळं असतं. “आवरलं नाहीस तर गोष्ट नाही” ही धमकी झाली. “आधी आवरू, मग गोष्ट” हा दिवसाचा क्रम झाला. पहिल्या वाक्यावर मुलं भांडतात, दुसऱ्यावर कमी भांडतात. निदान माझी तरी.

न पाहिल्यासारखं करणं, आणि त्याची किंमत

चांगल्याकडे लक्ष द्यायचं तर नकोशा गोष्टींवरचं काढूनही घ्यायला हवं. पण सगळ्यावरचं नाही. मारणं, चावणं, रस्त्याकडे धावणं, विजेच्या बटणांशी खेळणं, यांत दुर्लक्ष चालत नाही. तिथे उठून हात धरायचा. कुरकुर, तोंड वेडावणं, पाय आपटणं, तोच प्रश्न चौदाव्यांदा विचारणं, ही दुर्लक्षाची गिऱ्हाइकं.

आमची मोठी लढाई फोनची होती. मी फोनवर बोलायला लागलो की धाकटा बाही ओढून किंचाळायचा, कारण एकदा-दोनदा मी बोलणं आटपून त्याच्या हातात व्हिडिओ लावून फोन दिला होता. आम्ही ठरवलं, किंचाळून फोन मिळणार नाही. पहिल्या दिवशी तो वीस मिनिटं रडला. दुसऱ्या दिवशी पस्तीस. मला वाटलं उपाय उलटला. पण विझताना दिवा मोठा होतो तसंच हे असतं: जी युक्ती इतके दिवस चालली ती चालेनाशी झाली की मूल ती सोडण्याआधी जास्त जोर लावून बघतं. लिफ्टचं बटण लागलं नाही की आपण नाही का ते पाच वेळा दाबत? शास्त्रात या भडक्याची नोंद आहे, आणि तो येणार हे आधी माहीत असलं तरच माणूस टिकतो.

आम्ही टिकलो नाही. चौथ्या दिवशी माझ्या आईला बघवेना. “पोर रडून रडून लाल झालंय आणि तुम्ही दगडासारखे बसलाय,” असं म्हणून तिने स्वतःचा फोन त्याला दिला. तिचं मला आजही चूक वाटत नाही. तिला आम्ही नीट सांगितलंच नव्हतं. पण त्यानंतर किंचाळणं बंद व्हायला आणखी अकरा दिवस गेले. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली बक्षिसांच्या वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातून निघणारी गोष्ट हीच: दरवेळी मिळणारं बक्षीस थांबलं की सवय लवकर सुटते, कधी मिळतं कधी नाही असं असलं की चिवट होते. जुगार सुटत नाही तो याच कारणाने. चौथ्या दिवशी हरायचंच असेल तर पहिल्याच दिवशी फोन देऊन टाका, नुकसान कमी.

म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येकाशी बोला. एका वेळी एकच गोष्ट निवडा. आणि हे विसरू नका की दुर्लक्षाचा अर्धा भाग नंतर असतो. किंचाळणं थांबून त्याने एक श्वास घेतला, की त्या श्वासाला वळायचं: “आता आवाज हळू झाला. ये, काय हवंय?” मी सुरुवातीला रुसून बसायचो, तो शांत झाल्यावरही पाच मिनिटं तोंड फिरवून. म्हणजे मुलाने करून दाखवलं आणि बापाने पैसे बुडवले.

चांदण्यांचा तक्ता

हा मी फार हौसेने केला, आणि फसला. थोरली दात घासायला टाळाटाळ करायची म्हणून भिंतीवर तक्ता लावला, रोज एक चांदणी. दात घासायला लागली. मग मी हावरटपणा केला: खेळण्यांना चांदणी, भावाला मदत केली की चांदणी, चित्र काढलं की चांदणी. तिसऱ्या आठवड्यात भाऊ पडला, रडायला लागला, आणि त्याला उचलायच्या आधी तिने मला विचारलं, “किती मिळतील?”

मी तक्ता त्याच दिवशी काढला. नंतर वाचलं की हे माझ्याच घरात घडलेलं नव्हतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्रक मिळेल. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर ती मुलं मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांचा रस मात्र टिकला होता. आणि २००८ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला: पडलेली वस्तू उचलून दिल्यावर काहींना खेळणं दिलं, काहींचं तोंडी कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मदत कमी केली ती खेळणं मिळालेल्यांनी. वीस महिन्यांचं मूल! मदत करायची ओढ त्या वयात आधीच असते. आपण तिचा भाव ठरवून ती विकायला काढतो.

म्हणजे तक्ता वाईटच का? नाही. दात घासणं, औषध घेणं, वेळेवर शौचाला बसणं, ज्यात मुलाला मुळात गोडी नाही अशा कामांना थोडे दिवस टेकू म्हणून तो चालतो. एकच सवय ठेवा. चांदणी त्याच क्षणी द्या, ‘आठवडाभर साठव मग मोठं बक्षीस’ हे तीन वर्षांच्या मुलाला पेलत नाही. दिलेली चांदणी रागाच्या भरात काढून घेऊ नका, कमावलेलं कमावलं. दोन-तीन आठवड्यांत सवय बसली की चांदण्या विरळ करत तक्ता गुपचूप उतरवा. आणि प्रेम, मदत, चित्र, गोष्टी, प्रश्न यांना कधीही चांदणी लावू नका.

वादळात शिकवणी नको

जमिनीवर लोळण घेऊन रडणाऱ्या मुलाला समजावणं म्हणजे भोवऱ्यात सापडलेल्या माणसाला पोहण्याचे नियम वाचून दाखवणं. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग माणसात पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. अडीच वर्षांच्या पोराकडे त्याचा पायाच काय तो घातलेला असतो. त्या वेळी फक्त सुरक्षित ठेवायचं, जवळ बसायचं, कमी बोलायचं. “राग आलाय तुला. मी इथेच आहे.” एवढंच, आणि मागितलेली वस्तू द्यायची नाही. शिकवायचं ते तासाभराने, सगळं निवल्यावर, दोन वाक्यांत.

त्याहून मोलाचं म्हणजे वादळांची वेळ टिपणं. आमच्या कॅलेंडरवर रडारडीच्या खुणा केल्या तर बहुतेक सगळ्या संध्याकाळी साडेसात ते साडेआठमध्ये पडल्या, ज्या दिवशी दुपारची झोप बुडाली त्या दिवशी हमखास. झोपेच्या तज्ज्ञांनी घालून दिलेलं माप एक-दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्यांना १० ते १३ तास, दुपारची झोप धरून, असं आहे. धाकट्याची बेरीज केली तर साडेनऊ भरली. आम्ही रात्रीचं झोपणं पाऊण तास अलीकडे आणलं, आणि आठवड्याभरात निम्मी वादळं गेली. त्याच्या वागण्याबद्दल आम्ही काहीच केलं नव्हतं.

हात उचलणं

मी एकदा उचलला आहे. थोरलीने भावाला ढकललं, तो टेबलाच्या कडेवर आपटला, आणि मी तिच्या पाठीत धपाटा घालून म्हटलं, “मारायचं नाही!” वाक्य तोंडातून निघता निघता त्यातला विनोद कळला. तीन दिवसांनी ती बाहुलीला बदडून अगदी माझ्या सुरात सांगत होती, “मारायचं नाही! किती वेळा सांगायचं?” अल्बर्ट बँड्युरा यांनी १९६१ साली हेच प्रयोगात दाखवलं होतं: मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला ठोकताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तशीच ठोकाठोकी केली, त्याच्या तोंडचे शब्दसुद्धा उचलले.

२०१६ साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून दीड लाखांहून जास्त मुलं होती. धपाटे घालण्याचा संबंध जास्त आक्रमकपणाशी, जास्त अडचणींशी दिसला; वागणं सुधारण्याशी दिसला नाही. हिशेबनीस म्हणून मी सांगीन की संबंध म्हणजे कारण नव्हे, त्रास देणारी मुलंच जास्त मार खात असतील. पण जमेच्या बाजूला काहीच नसेल तर खर्च का करायचा?

मारामारी झाली तर आम्ही आता असं करतो. आधी लागलेल्याकडे जायचं. मारणाऱ्याकडे आधी धावलो तर पुन्हा लक्षाची उधळण त्याच्यावरच. मग मारणाऱ्याला खेळातून उचलून दोन-तीन मिनिटं बाजूला बसवायचं, भाषण न देता. अंधाऱ्या खोलीत कोंडणं, ‘तू वाईट आहेस’ म्हणणं यातलं काही नाही. उठल्यावर परत खेळात. आणि दिवसभरात एरवी मुलाजवळ कुणी नसेलच, तर बाजूला बसवण्याने त्याचं काय जाणार? म्हणून हा उपाय शेवटचा, आणि आठवड्यातून एक-दोनदाच पुरावा.

चूक माझी असली तर मी माफी मागतो. धपाट्याबद्दलही मागितली, दुसऱ्या दिवशी. “मी मारलं, ते चुकलं. मला राग आला होता.” ती म्हणाली, “बरं,” आणि तिने गाडी पुढे ढकलली.

आता दोन सुट्या गोष्टी

रोज पाच मिनिटं मुलाच्या हुकमाखाली खेळा. १९७०च्या दशकात शीला आयबर्ग यांनी आईबाप आणि मूल अशी एकत्र उपचारपद्धत तयार केली, तिच्यात हा गृहपाठ असतो. या पाच मिनिटांत प्रश्न नाहीत, सूचना नाहीत, टीका नाही. मूल काय करतंय ते बोलून दाखवायचं, त्याचं बोलणं परत म्हणायचं, ते करतं तसं करायचं. “हा रंग कुठला?” हेसुद्धा विचारायचं नाही. मला पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांच्या पुढे गप्प राहता आलं नाही. पण धाकट्याची दिवसभराची ओढाताण या पाच मिनिटांनी जेवढी सैल झाली तेवढी कशानेच नाही. दिवस वाईट गेला म्हणून ही पाच मिनिटं रद्द करू नका. त्याच दिवशी ती जास्त लागतात.

आणि कान तपासा. हे मी अक्षरशः म्हणतोय. मध्यंतरी दीड महिना धाकटा अजिबात ऐकेनासा झाला. जवळ जाणं, दहा मोजणं, सगळे उपाय थकले. रेघा पुन्हा चाळिशीवर. शेवटी सर्दीसाठी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कानात बघितलं आणि म्हणाले, पडद्यामागे पाणी साठलंय, त्याला कमी ऐकू येत असणार. लहान मुलांत सर्दीनंतर हे पुष्कळदा होतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, त्याचंही ओसरलं. पण तोवर मी त्याला ‘हट्टी’ म्हणून मोकळा झालो होतो. बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, आधी येत असलेली गोष्ट मूल विसरलं असेल, ते स्वतःला इजा करून घेत असेल किंवा वागणं एकाएकी पालटलं असेल, तर चांदण्या-रेघा बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

मी अजून महिन्यातून एक संध्याकाळ मोजतो. गेल्या खेपेला ‘नको’ १९, दुसरा रकाना २२. थोरली आता सहा वर्षांची आहे. तिला रेघांचा सुगावा लागलाय. परवा जेवणं झाल्यावर कॅलेंडरवर तिने स्वतःचा तिसरा रकाना पाडलेला दिसला, वाकड्यातिकड्या नऊ रेघा. मी विचारलं, कसल्या गं या?

“तू ‘एक मिनिट’ म्हणालास आणि आला नाहीस ना, त्याच्या.”